नर्सबाईंनी भुजलीचं नाव घेतलं

माझा नवरा वीरेंद्र हा नर्सबाईंच्या हातून जगात आला. आमच्या बपेरा गावातले निम्मे लोक तसेच आलेत. त्यामुळे तो कधी डोक्यात जायला लागला की मी सरळ नर्सबाईंचं घर गाठते आणि सांगते, "मावशी, तुमचा माल परत घ्या." त्या चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "वारंटी संपली, बाई." मग चहा होतो, आणि अर्ध्या तासानं मला नवरा बरा वाटायला लागतो.

नर्सबाई म्हणजे विमलाबाई. गावच्या उपकेंद्रात नोकरीला लागल्या तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. इथंच लग्न झालं, इथंच रिटायर झाल्या, नवऱ्याला मूठमातीही इथंच दिली. मुलगा नागपूरला बोलावतो, त्या जात नाहीत. गावात ख्रिस्ती घरं पाच-सहा, आणि गावाच्या टोकाला, जिथून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होतात तिथं, पत्र्याचं एक प्रार्थनाघर. दर रविवारी तुमसरहून पास्टर प्रविण मोटारसायकलवर येतात. प्रार्थना, गाणी, उपदेश झाला की शेवटची काही मिनिटं नर्सबाईंची. त्या मिनिटांसाठी लोक थांबतात हे पास्टरांनाही ठाऊक आहे, आणि त्यांनी ते मोठ्या मनानं सहन केलं आहे.

कारण नर्सबाई शिकवण देतात ती टीव्हीवरच्या कॉमेडी मालिकेतून.

ही मालिका त्या पाहतात आमच्या घरी. त्यांच्याकडे टीव्ही आहे, आमच्यापेक्षा मोठा आहे. पण संध्याकाळी वेळ झाली की त्या पदराखाली वाटीभर काहीतरी घेऊन येतात आणि माझ्या सासूबाईंच्या शेजारी खाटेवर बसतात. माझ्या सासूबाई म्हणजे शकुनबाई. बुटक्या, कामाला वाघीण आणि जिभेला धार. नर्सबाई उंच, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या. दोघींना एका खाटेवर पाहिलं की लोकांना आधी हसू येतं.

पुण्यात एकाच भाड्याच्या घरात राहणारे चौघे मित्र, अशी ती मालिका. त्यांची खरी नावं या दोघींनी कधी लक्षात ठेवली नाहीत. दुसऱ्याचे डबे खाणारा तो 'उपाशी'. सारखी झाडू घेऊन फिरणारी, मोठ्या कंपनीत नोकरी करणारी ती 'टापटीप'. एक 'रडका'. आणि चौथा आपल्या विदर्भातला म्हणून दाखवलेला, त्याचं नाव 'नकली'. कारण तो मले-तुले करतो, पण सगळं चुकीच्या जागी. सासूबाई टीव्हीसमोर बसून त्याचं बोलणं दुरुस्त करतात. "असं नाई म्हनत रे बाबू," एवढ्या कळवळ्यानं सांगतात की मला वाटतं, एखाद्या दिवशी तो ऐकेल.

नर्सबाई हसतात आणि मधेच गप्प होतात. गप्प झाल्या की समजायचं, रविवारची सोय झाली.

उपाशी टापटीपचा डबा खायचा, आणि ती रोज त्याला शिव्या द्यायची. पण एके दिवशी तिला ताप आला, तेव्हा कळलं की ती रोज भाजी दोघांपुरतीच करत होती. रविवारी नर्सबाई म्हणाल्या, की प्रभूनं पाच भाकरींत एवढ्या लोकांना जेवू घातलं ते आपण ऐकतो, पण त्या भाकरी कोणाच्या तरी घरून आल्या होत्या ना? देणारा कुरकुरत का देईना, दोघांपुरतं करतो तो मित्र. दुसऱ्या दिवशी गावात ज्या-त्या घरी यावरच गोष्टी.

पुढं रडक्याचा पाय मोडला. जिना अरुंद, म्हणून बाकीच्या तिघांनी त्याला गादीसकट गच्चीवरून दोरानं खाली सोडला. आम्ही हसून हसून आडव्या झालो, पण नर्सबाई हात जोडून बसल्या. त्यांना येशूकडे आणलेला तो लुळा माणूस आठवला. गर्दीतून वाट मिळेना म्हणून चार मित्रांनी छप्पर उकलून त्याला खाली सोडलं होतं. त्यांनी आम्हाला ती गोष्ट तिथंच सांगितली. सासूबाईंनी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "छप्पर कोनाचं होतं?"

"असंन कोनाचं तरी."

"मंग त्याचं कोनी शाकारून देल्लं का नाई?"

नर्सबाईंनी हा प्रश्न जसाच्या तसा पास्टरांकडे नेला. पास्टर प्रविण अजून उत्तर शोधत आहेत.

प्रार्थनाघराला दोन वर्षांमागं लाउडस्पीकर आला. कर्णा आधी गल्लीकडे होता, पण शेजारच्या घरातलं तान्हं बाळ झोपेना, म्हणून तो फिरवून शेतांकडे तोंड करून लावला. तेव्हापासून नर्सबाईंची शिकवण धानाच्या बांध्यांतून ऐकू येते, आणि ती ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती कमी आणि आम्हीच जास्त.

आता भुजलीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरून झालं.

मी भंडाऱ्याची, कोष्ट्यांच्या घरची. माहेरी हातमागाचा खटखटाट. भुजली मला लग्नानंतरच कळली. इकडे तुमसरच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशाला लागून असलेल्या गावांत, श्रावणात टोपलीत गहू पेरतात. अंधारात ठेवलेले कोंब पिवळे, लुसलुशीत वाढतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया त्या टोपल्या डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नेतात, आणि थोडे कोंब परत आणून एकमेकींना देतात. पण दोघींनी ठरवून ते कोंब एकमेकींच्या कानावर खोचले, तर भुजली जोडली गेली. ती मैत्री जन्माची. आणि त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव म्हणून घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'भुजली' अशी. नाव घेतलं की भुजली तुटली.

नर्सबाई गावात नव्या आल्या त्या वर्षी भुजलीच्या दिवशी उपकेंद्राच्या दारात उभ्या होत्या. बाया समोरून जात होत्या, आपसात कोंब देत होत्या, आणि त्यांच्यापाशी आल्या की पुढं सरकत होत्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. किरिस्ताव बाई घेईल की नाही, हाच संकोच. माझ्या सासूबाई तेव्हा नवी नवरी, डोक्यावर पदर, गावातलं काही ठाऊक नाही. त्या सरळ गेल्या आणि टाचा उंच करून नर्सबाईंच्या कानावर कोंब खोचायला लागल्या. कान हाती लागेना, म्हणून नर्सबाईंनी मान वाकवली. नंतर ख्रिस्ती असून हे चालेल का, अशी नर्सबाईंच्या मनाला टोचणी लागली, तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांना विचारलं. ते दवाखान्यात कंपाउंडर, पक्के देवभीरू. ते म्हणाले, "गहू कोणी उगवून आणला? देवानंच ना? मग राहू दे कानावर."

तेव्हापासून दोघी 'भुजली'. एकदा बँकेतल्या पोरानं नर्सबाईंना विचारलं, शेजारी कोण राहतं? "रक्षाची सासू." म्हणजे माझी. नाव काय? "वीरेंद्रची माय." अहो, नाव सांगा ना. "भोजराजभाऊची घरवाली." पोरगं थकलं आणि त्यानं पुढचा प्रश्न घेतला.

यंदा धानाची रोपं लावायची रोवणी चालू असताना मालिकेत एक भाग आला. टापटीपच्या कंपनीची पार्टी. नकली पोरगा चिखलाच्या चपला आणि चिवड्याची पिशवी घेऊन तिथं टपकला. साहेबानं विचारलं, हा कोण? ती लाजली आणि म्हणाली, आमच्या इथला वॉचमन. तो पिशवी ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशीच्या भागात मात्र तिनं सगळ्यांसमोर माइक हातात घेतला आणि त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट घेऊन सांगितलं, की हा माझा मित्र आहे. आम्ही तिघी रडलो. सासूबाई तर त्याचं बोलणं दुरुस्त करायचंही विसरल्या. नर्सबाई गप्प झाल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पक्कं झालेलं मी पाहिलं. काय ते मला कळलं असतं तर मी त्या रविवारी कर्ण्याची वायर कापली असती.

रविवार होता, पण रोवणी वार पाहत नाही. आम्ही दहा-बारा बाया प्रार्थनाघराच्या समोरच्याच बांधीत होतो, गुडघाभर चिखलात, हातात रोपांच्या पेंड्या. गाणी झाली, पास्टर झाले, मग कर्ण्यातून नर्सबाई आल्या. पार्टीची गोष्ट त्यांनी सांगितली. मग म्हणाल्या, "प्रभू म्हनते, जो मले लोकाइच्या समोर आपला म्हनंन, त्याले मी माह्या बापासमोर आपला म्हनीन. मंग आपन आपल्या मैत्रिणीचं नाव घ्यायले कायले भ्यावं? मी इतले वर्ष नाई घेतलं. आज घेतो. माह्या जिवाची मैत्रीन शकुनबाई. आयकलं ना? शकुनबाई."

सासूबाई वाकलेल्या होत्या. त्यांचा हात चिखलात तसाच राहिला.

शेजारच्या ओळीतल्या दुर्गाबाई, आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, हळूच म्हणाल्या, "घेतलं वो माय तिनं नाव." कोणी हसलं नाही. सासूबाईंनी उरलेली ओळ पुरी केली, बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन पाय धुतले आणि कोणासाठी न थांबता घराकडे निघाल्या. मला भीतीच वाटली.

संध्याकाळी नर्सबाई नेहमीच्या वेळेला आल्या, वाटीत भाजलेले शेंगदाणे, तोंडावर दिवाळी.

"आयकू आलं का? पास्टर म्हने, कर्ण्यातून पार नदीपावतर गेलं."

"आलं," सासूबाई म्हणाल्या. "रक्षा, पाहुण्या बाईले चहा टाक."

पाहुण्या बाई. नर्सबाईंच्या हातातली वाटी कलली. मी चहा टाकायला गेलेच नाही, दारातच उभी राहिले.

"अवो, मी तुह्या मानासाठी घेतलं."

"मान तुह्या टीव्हीत तसा देत असतीन. मी तं तुहं नाव पोटात ठेवलं. पोराले बी नाई सांगतलं कदी. अन् तू कर्ण्यावर टांगलं माह्यं."

"नाव घेतल्यानं काय तुटते? देवानं नाव घ्यायलेच देल्लं आहे."

"मंग घेत राह्य ना. कोनी अडवलं?"

नर्सबाई वाटी खाटेवर ठेवून निघून गेल्या. त्या रात्री टीव्ही लागला नाही.

दोघीही खऱ्या होत्या, हीच खरी भानगड होती. एकीनं प्रेमानं तोडलं होतं, दुसरी प्रेमापायीच तुटली होती. एक जण चुकीची असती तर मी तिच्याशी भांडून मोकळी झाले असते.

गावाला मात्र वेगळाच वास आला. गुलाबभाऊ म्हणून एक आहेत, ज्यांना कुठंही धूर दिसला की फुंकर मारावीशी वाटते. ते ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, किरिस्तावांनी कर्ण्यावरून आपल्या बाईचं नाव घेतलं, हे बरोबर नाही, आपण बोललं पाहिजे. सासूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. पाखडता पाखडताच म्हणाल्या, "माह्यं अन् तिचं आहे ते. मधात जो येईन त्याच्या तोंडावर हा कोंडा जाईन." गुलाबभाऊंना अचानक काम आठवलं. मला त्या क्षणी सासूबाईंचा इतका अभिमान वाटला की मी न मागता त्यांना चहा दिला.

पण नर्सबाई आल्या नाहीत. सासूबाई मालिका लावायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. "बोर झाली मालिका," म्हणायच्या. नकली पोरगा चुकीचं बोलला तरी त्याला कोणी दुरुस्त करेना. बिचारा तसाच बोलत राहिला.

शेवटी मीच नर्सबाईंकडे गेले. टीव्ही बंद, त्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या.

"मावशी, मालिका नाही बघत?"

"पाह्यली ना काल. हासूच नाई आलं. उपाशी काई बोलला का तुही सासू अगोदर हासते. मंग मले समजते का इथं हासाचं होतं."

हे ऐकून मला रडू आलं आणि राग त्याहून जास्त आला. मी म्हटलं, मग जा आणि माफी मागा. त्या म्हणाल्या, "माफी कायची? खोटं बोलली का मी?" मी म्हटलं, "खोटं नाही बोललात. पण मावशी, त्या टीव्हीतल्या पोराला नाव घेतलेलं हवं होतं, म्हणून ते प्रेम झालं. आईंना न घेतलेलं हवं होतं. तुम्ही मालिकेला विचारलंत, आईंना विचारलंत का?" एवढं बोलून मी आले. मोठ्यांशी असं बोलू नये. पण मोठ्यांनीही माझ्यावर अशी पाळी आणू नये.

पुढच्या रविवारी आमची शेवटची बांधी होती, त्या दिवशी अर्धी राहिलेली तीच, प्रार्थनाघरासमोरची. सासूबाई सगळ्यांच्या पुढं, कर्ण्याकडे पाठ करून. गाणी झाली. पास्टर झाले. मग नर्सबाईंचा आवाज आला.

"या आठवड्यात मालिकेत..."

आणि थांबला. कर्ण्याची नुसती घरघर. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मले नाई सांगता येत," कर्णा म्हणाला. "प्रभूनं सांगतलं आहे, का तू अर्पन घेऊन वेदीपाशी आली अन् तुले आठवलं का कोनाचं मन तुह्यापायी दुखून राहिलं, तं अर्पन तिथंच ठेव, आधी त्याच्यापाशी जा. मी इथं तुमाले मैत्री शिकवून राहिली, अन् माही मैत्रीन समोरच्या बांधीत आहे. पास्टरसाहेब, तुमी गानं घ्या."

माइक ठेवल्याचा खट आवाज आला. गाणं सुरू व्हायला वेळ लागला, कारण पास्टर प्रविण बहुतेक दाराशी येऊन बघत होते.

नर्सबाई आल्या. रविवारची पांढरी साडी, छत्री, हातात पिशवी. धुऱ्यावर उभ्या राहिल्या. सासूबाई पाच-सहा हातांवर, वाकलेल्या, मान वर करायला तयार नाहीत. नर्सबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मला आधी कळेना, मग कळलं. 'भुजली' म्हणायचा हक्क उरला नव्हता. नाव घ्यायची सोय नव्हती. आपल्या जिवाच्या मैत्रिणीला बोलवायला त्या बाईकडे एकही शब्द नव्हता.

त्यांनी छत्री मिटली, चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरल्या. दुर्गाबाईंच्या हातातून पेंडी घेतली आणि सासूबाईंच्या शेजारी ओळ धरली.

नर्सबाईंनी जन्मात रोवणी केलेली नाही. दोन-तीन रोपं लावायची तिथं त्या मूठभर लावत होत्या, आणि इतकी खोल की शेंडेही दिसेनात. सासूबाई त्यांचं प्रत्येक रोप उपटायच्या आणि नीट लावायच्या. त्या लावतात, या उपटतात, पुन्हा लावतात. असं अर्ध्या बांधीपर्यंत चाललं. बाकीच्या आम्ही रोवणीचं नुसतं सोंग करत होतो.

"चुकलं माह्यं," नर्सबाई वाकूनच म्हणाल्या. "मले तुले मान द्याचा होता. तुले काय पाह्यजे, हे इचारलंच नाई मी."

सासूबाईंनी आणखी एक रोप उपटलं. "तुटलं तं तुटलं," त्या म्हणाल्या. "आता जुडते थोडी."

नर्सबाई थांबल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"पन तुटलंच आहे," सासूबाई पुढं म्हणाल्या, "तं म्या एकलीनंच कायले पाळाचं?" आणि कमरेवर हात देऊन सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक दिली. त्यांच्या गळ्यापुढं कर्णा काहीच नाही.

"वो विमल. वाकडं लावून राहिली ना तू."

दुर्गाबाईंनी चिखलाचा हात तोंडावर ठेवला.

"घेतलं मी बी," सासूबाई म्हणाल्या. "झाली फिट्टंफाट."

आम्ही सगळ्या हसायला लागलो. आता नर्सबाईही हसतील, दोघी पहिल्यासारख्या होतील, असं वाटत होतं. पण नर्सबाई तशाच उभ्या होत्या, पेंडी हातात, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अवो, काहून रडतं आता?" सासूबाई घाबरल्या. "तू घेतलं, म्हून मी घेतलं."

"माय गेली तवापासून मले विमल कोनीच नाई म्हटलं," नर्सबाई म्हणाल्या.

आमचं हसू जागच्या जागी विरलं. मी आठवून पाहिलं. नर्सबाई, मॅडम, मावशी, भुजली. नवराही 'अवो' म्हणायचा. या गावातल्या किती पोरांची बारशी त्यांनी जेवली, किती नावं त्यांच्या सल्ल्यानं ठेवली गेली, आणि त्यांना नावानं हाक मारावी असं आमच्यातल्या कोणाला कधी सुचलंही नव्हतं.

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातली पेंडी पाण्यात सोडली, दोन पावलं जवळ गेल्या, आणि या वेळी शिवाराला नाही, फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाल्या, "विमल."

आम्ही बाकीच्या मान खाली घालून रोपं लावत राहिलो.